मिलिसेकंदांत जात सापडते का?

(संशोधक विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



ज्या चाचणीबद्दल आज बोलायचं आहे, ती तुमच्यापैकी काहींनी मोबाइलवर देऊनही पाहिली असेल. इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, थोडक्यात आयएटी. अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९८ मध्ये अमेरिकेत मांडली. ती जगभर पोचवणाऱ्यांत महजरीन बनाजी यांचं नाव मोठं आहे. त्या मूळच्या सिकंदराबादच्या, उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या.

चाचणी दिसायला साधी आहे. पडद्यावर चेहरे आणि शब्द एकामागून एक येतात. गोरा चेहरा किंवा चांगला शब्द आला तर डावी कळ दाबायची, काळा चेहरा किंवा वाईट शब्द आला तर उजवी. मग जोड्या बदलतात: काळा चेहरा आणि चांगला शब्द एका कळीवर येतात. पहिल्या फेरीत बोट भराभर चाललं आणि दुसऱ्या फेरीत अडखळलं, तर त्या काही मिलिसेकंदांच्या फरकावरून निकाल लागतो: तुमचा सुप्त कल गोऱ्यांकडे आहे.

आपल्याला हे आकर्षक का वाटतं, ते मला कळतं. 'आम्ही जात मानत नाही' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की, ते बोलणाऱ्याच्या आत डोकावणारं यंत्र निघालं म्हटल्यावर बरं वाटतं. शोभा जोधका नव्हे, सुरिंदर जोधका – नावं सांगताना घाई नको – आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या व्यवस्थापकांशी बोलून २००७ मध्ये एक निबंध लिहिला. त्यातले व्यवस्थापक गुणवत्तेची भाषा बोलतात आणि उमेदवाराला विचारतात ते घरच्या पार्श्वभूमीबद्दल. वडील काय करतात? तुमच्यापैकी किती जणांना हा प्रश्न आलाय, ते हात वर करायला सांगत नाही.

पण हे यंत्र माणसाबद्दल भरवशाने काही सांगतं का? एकाच माणसाने ही चाचणी दोनदा दिली, तर दोन निकालांमधला सहसंबंध साधारण ०.५ भरतो. एकेका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा असेल, तर चाचणीकडून ०.८ किंवा त्याहून अधिकची अपेक्षा असते. म्हणजे आज 'तीव्र कल' आलेला माणूस पुढच्या आठवड्यात 'सौम्य' निघू शकतो, आणि मधल्या काळात तो बदललेला नसतो.

बरं, गुण आणि वागणूक यांचा संबंध तरी घट्ट आहे का? ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून वंशाच्या बाबतीत हा सहसंबंध सुमारे ०.२४ काढला. २०१३ मध्ये ऑस्वल्ड आणि इतरांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा तो ०.१५ च्या आसपास आला. ०.१५ चा वर्ग करा. वागणुकीतल्या फरकापैकी जेमतेम दोन टक्के. २०१५ मध्ये तर ग्रीनवाल्ड, बनाजी आणि नोसेक यांनी स्वतःच लिहिलं की, अमुक माणूस भेदभाव करेल असं ठरवण्यासाठी ही चाचणी वापरणं अडचणीचं आहे. कर्त्यांनीच घातलेली ही मर्यादा कार्यशाळा घेणारे सहसा सांगत नाहीत.

मग चाचणी मोजते तरी काय? आर्क्स आणि टेटलॉक यांनी २००४ मध्ये शीर्षकातच विचारलं होतं की, नागरी हक्कांचे नेते जेसी जॅक्सन या चाचणीत नापास होतील का. 'काळा' आणि 'वाईट' ही जोडी समाजात कुणी लावली हे ज्याला आयुष्यभर भोगून माहीत आहे, त्याचंही बोट अडखळू शकतं. ते अडखळणं द्वेषाचंच असेल असं नाही.

इथे आपल्याकडचा एक अभ्यास बघण्यासारखा आहे. यारो डनम आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या हिंदू आणि मुस्लिम मुलांवर अशा चाचण्या केल्या. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. धर्माच्या बाबतीत दोन्हीकडची मुलं आपापल्या गटाकडे झुकली. जातीच्या बाबतीत तसं झालं नाही. वरच्या जातीची मुलं वरच्या जातीकडे झुकली आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुलंही वरच्या जातीकडेच झुकली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुढचं पान बराच वेळ उलटलं नाही. पण या निकालाचं काय करायचं हे नीट ठरवायला हवं. 'बघा, तुमच्याही मनात तेच आहे, मग आम्हाला कसला दोष देता' असं कुणीतरी म्हणणारच. मुलांच्या बोटांत जे उतरलं, ते वर्गातून, टीव्हीवरून, वस्तीच्या नावावरून आलेलं आहे. पेन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असंच मांडलं: एकेकट्या माणसाचे गुण डळमळतात, पण मोठ्या समूहांची सरासरी बरीच स्थिर राहते. तेव्हा ही चाचणी माणसापेक्षा त्याच्याभोवतीच्या हवेबद्दल अधिक सांगते, असं मी मानते. हवेचा अभ्यास जरूर करावा. हवेवरून एकाला दोषी किंवा निर्दोष मात्र ठरवता येत नाही.

निर्दोष हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्याला खरा धोका तिकडून आहे. मुलाखत घेणारे प्राध्यापक एका दुपारी कार्यशाळेला बसतात, कळा दाबतात, 'आपल्या सगळ्यांतच थोडाफार पूर्वग्रह असतो' म्हणून चहा घेतात, आणि संस्थेच्या अहवालात काम झाल्याची नोंद होते. फोर्शर आणि इतरांनी २०१९ मध्ये ४९२ अभ्यास तपासले. सुप्त कलाचे गुण थोडे हलवता येतात, पण त्यामुळे वागणूक बदलते असा पुरावा त्यांना मिळाला नाही.

बाबासाहेबांनीही जातीला मनाची अवस्था म्हटलं होतं. पण मन बदलेपर्यंत थांबा, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी संरक्षणं कायद्यात लिहून घेतली.

मनात न शिरता भेदभाव मोजता येतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ६६ आठवड्यांत ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला ०.६७ पट आणि मुस्लिम नावाला ०.३३ पट निघाली. कोणत्या व्यवस्थापकाच्या मनात काय होतं, हे विचारायची वेळच आली नाही.

आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण जेएनयूचं. अब्दुल नाफे समितीने एमफिल-पीएचडी प्रवेशाचे लेखी आणि तोंडी गुण सामाजिक गटांनुसार शेजारी मांडले. फरकाचा साचा दिसला, तो भेदभावाकडे बोट दाखवत होता, म्हणून २०१६ मध्ये समितीने तोंडीचे गुण ३० वरून १५ वर आणायची शिफारस केली. झालं उलटंच. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांच्या आधारे तोंडीलाच सगळं वजन दिलं गेलं. ते पुढे दिल्ली उच्च न्यायालयात टिकलं नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेसाठी ७०-३० चं प्रमाण आहे.

ते ३० गुण बंद दाराआड, दहा-पंधरा मिनिटांत दिले जातात. तुमच्यापैकी अनेकांचा प्रवेश त्यांवर ठरणार आहे. त्या दारामागच्या माणसांची आयएटी घ्या, अशी मागणी मी करणार नाही. त्यांचे गुण मागूया. माहिती अधिकाराचा अर्ज, केंद्रीय विद्यापीठ असेल तर दहा रुपये शुल्क. उमेदवारांची नावं वगळून तीनच रकाने मागा: प्रवर्ग, लेखी, तोंडी. पॅनलवरच्यांची नावं मागू नका. ती मिळत नाहीत आणि त्या निमित्ताने अख्खा अर्ज रखडतो. आणि एकाच वर्षाचे आकडे नकोत. एखाद्या विभागात जागा पाच-सहा असतात, तेवढ्यावरून आपणही काही म्हणू नये. पाच वर्षांचे मागा.