आधी कागद, मग कॅमेरा



आजचे बोलणे एका गाण्याविषयी आहे. ते गाणे आपल्या शाळेतल्या मुलांनी फोनवर कसे उतरवले, ते मी सांगणार आहे. गाण्याचा प्रकार नशीद. नशीब नव्हे बरे का, नशीद!

नशीद हा अरबी शब्द. गाऊन म्हणायचे पद, असा त्याचा अर्थ. त्यात अल्लाची स्तुती असते, पैगंबरांची आठवण असते, आईबापांशी कसे वागावे तेही असते. आपल्या खाडीकाठच्या मुसलमान घरांत हम्द आणि नात म्हणतात, ते तुम्ही ऐकले आहे. हम्द म्हणजे अल्लाची स्तुती. नात म्हणजे पैगंबरांची स्तुती. नशीद ही त्यांची बहीण म्हणा. आपल्या भजनाला टाळ-मृदंग लागतो. नशीद मात्र पुष्कळदा नुसत्या गळ्यावर म्हणतात. फार तर डफ घेतात.

ही रीत जुनी आहे. इ. स. ६२२ साली पैगंबर मक्का सोडून मदिनेला आले. तिथल्या लोकांनी पद गाऊन त्यांचे स्वागत केले, असे परंपरेने सांगतात. 'तलअल बद्रु अलैना' हे ते पद. आजही ते देशोदेशी म्हणतात. आता नशिदीच्या ध्वनिफितीही निघतात. मलेशियातल्या रायहान नावाच्या मंडळाची पहिली ध्वनिफीत १९९६ साली निघाली. स्वीडनमधल्या माहेर झैन या गायकाची २००९ साली आली. वाद्ये नको म्हणणारे श्रोते असतात, म्हणून त्याच्या गाण्यांची नुसत्या तालवाद्यांवरची आवृत्तीही काढली गेली.

आता आपल्या मुलांकडे येऊ.

शाळेने नववीच्या वर्गाला एक काम दिले. आपल्या गावातली गाण्याची एक रीत निवडा आणि तिचा छोटा व्हिडिओ करा. एका गटाने जाखडी घेतली. एकाने जात्यावरच्या ओव्या घेतल्या. सहा मुलांच्या गटाने नशीद घेतली. मी आता सेवेत नाही. पण पोरे विचारायला घरी येतात, आणि मलाही दुपारी काही उद्योग नसतो.

पहिल्या दिवशी पोरे फोन घेऊनच आली. म्हणाली, "गुरुजी, चला खाडीवर, शूटिंग करू." मी विचारले, "कशाचे?" तर एकमेकांकडे पाहू लागली. एकाला मोटारसायकल हळूहळू येताना दाखवायची होती. दुसऱ्याला काळा चष्मा घालून खडकावर उभे राहायचे होते. सिनेमातले गाणे डोक्यात बसले की असे होते. मी म्हटले, "फोन खिशात ठेवा. पाटी नसेल तर वही काढा."

आधी शब्द हवेत. दुसऱ्याचे गाणे उचलता येते का? आपल्या देशात १९५७ सालचा कायदा आहे. गीत लिहिणाराच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षे त्या गीतावर त्याचा आणि त्याच्या वारसांचा हक्क असतो. शाळेत मुलांनी, शिक्षकांसमोर आणि पालकांसमोर ते म्हटले, तर कायदा सूट देतो. पण तेच गाणे फोनवरून साऱ्या जगाला वाटणे निराळे. म्हणून मुलांनी स्वतःच बारा ओळी रचल्या. विषय पाणी. पाऊस देणाऱ्याचे आभार, विहिरीचे आभार, आणि शेवटी तहानलेल्याला पाणी देण्याची बुद्धी मागितली आहे. शब्द मराठी, मध्ये दोन-चार उर्दू. कुणी म्हणेल, नशीद आणि मराठीत? का नाही? सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. जोतीराव फुल्यांनी पैगंबरांवर मराठीत कविता रचली. भाषा कुणा एकाच्या घरची नसते.

मग डफाचा प्रश्न आला. मोहल्ल्यातले एक वडीलधारे म्हणाले, डफ चालेल. दुसरे म्हणाले, नुसता आवाजच बरा. धर्माच्या जाणत्या लोकांतही यावर दोन मते आहेत. मुलांनी नुसता आवाज ठरवला. तसे केले म्हणजे कुणालाच खटकणार नव्हते.

पण वाद्य नसले की गाणे धावते. पहिली ओळ सावकाश आणि बारावी ओळ घोड्यावर! शिवाय सूर खाली घसरतो. मुलांनी युक्ती केली. एका फोनवर टिक-टिक असा ठोका लावला. म्होरक्या मुलाने तो एका कानात ऐकायचा आणि बोटाने इशारा करायचा. बाकीच्यांनी बोट पाहायचे. ठोका फक्त त्याच्या कानात, म्हणून तो गाण्यात उतरला नाही.

आवाज आधी घ्यावा, चित्र मागाहून घ्यावे. हे मी तुम्हांला जोर देऊन सांगतो. चित्र थोडे हलले तर माणसे पाहून घेतात. आवाज फाटला तर कुणी ऐकत नाही. उघड्यावर वारा असतो. आपल्या कानाला तो कळत नाही, पण फोन त्याचा घरघराट करतो. म्हणून मुलांनी घरात, मधल्या खोलीत आवाज घेतला. भिंतींवर गोधड्या टांगल्या. गोधडी आवाज पिते, खोली घुमत नाही. पंखा बंद केला. मध्येच कुणाचा फोन येऊ नये म्हणून सिमकार्डाचा संपर्क बंद केला. फोन तोंडापासून दीड वितीवर ठेवला. पहाटेच्या नमाजानंतरची वेळ धरली, तेव्हा गाव शांत असते. तरी एकदा कोंबडा आरवला आणि एकदा होडीचे इंजिन सुरू झाले. सात वेळा म्हटले. चौथ्या वेळचे चांगले निघाले.

त्या आवाजांत एका मुलीचा आवाज सगळ्यांत गोड. तिच्या बाबतीत जे झाले, ते मला तुम्हांला सांगायचेच आहे.

मुलांचे चित्र घ्यायचे तर आईबापांची संमती हवी. मुलांनी एका छापील नमुन्यावरून चिठ्ठी उतरवून घेतली आणि घरोघर वाटली. पुष्कळांनी न वाचता सही केली. त्या मुलीचे वडील होडी चालवतात. दोन वर्षांपूर्वी ते आपल्याच वर्गात अक्षरे शिकले. तुमच्यातले काही जण त्यांच्या शेजारी बसलेले आहेत. त्यांनी चिठ्ठी घेतली, चौकटीवर बसले आणि शब्दाखाली बोट धरून वाचू लागले. "माझ्या पाल्याचे चित्र कोठेही, केव्हाही व कोणत्याही कारणासाठी वापरण्यास माझी हरकत नाही." बोट 'कोणत्याही'वर थांबले.

ते म्हणाले, "कोणत्याही म्हणजे कोणत्या?"

पोरे गप्प.

"उद्या माझ्या मुलीला साबणाच्या जाहिरातीत घातली, तर मी 'हरकत नाही' असं लिहून दिलंय ना?"

पोरांना कुठे घालायची होती जाहिरातीत! पण कागदावर तसेच लिहिले होते, आणि कागद लिहिल्याप्रमाणेच बोलतो. ते पुढे म्हणाले, "पोरगी गाईल. आवाज द्यायला माझी ना नाही. तोंड दाखवायचं नाही. आणि हे शाळेबाहेर जायचं असेल तर मला परत विचारायचं. असं लिहा, मी सही करतो."

एक मुलगा कुरकुरला. त्याचे म्हणणे, तोंड नाही तर गाणारी कोण हे लोकांना कसे कळणार? त्यावर मुलीनेच उत्तर दिले. ती म्हणाली, "माझे हात दाखवा. विहिरीवर मीच पाणी ओढते." मला विचाराल तर साऱ्या व्हिडिओत तेच चित्र सर्वांत चांगले आहे.

मग नवी चिठ्ठी झाली. व्हिडिओ शाळेच्या दिवाणखान्यात पालकांपुढे दाखवला जाईल. पुन्हा विचारल्याशिवाय तो कुठेही पाठवला जाणार नाही. मुलाचा चेहरा दाखवावा की नाही, ते पालक लिहितील. नको वाटले तर ते चित्र काढून टाकता येईल. ही चिठ्ठी सर्व घरी पुन्हा फिरवली. ज्यांनी आधी न वाचता सही केली होती, त्यांतल्या दोन आयांनी या वेळी "चेहरा नको" असे लिहिले. आधी त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

आता चित्रांचा हिशेब. गाणे तीन मिनिटांचे. म्हणजे १८० सेकंद. एक चित्र पाच सेकंद दाखवले, तर १८० भागिले ५, म्हणजे ३६ चित्रे लागतात. पोरांनी वहीत तक्ता आखला. कोणती ओळ, काय दिसणार, कुठे, किती वाजता, कोण आणणार. दोरी कोण आणणार, तांब्याची कळशी कोणाकडची, सगळे लिहिले. मोटारसायकल त्या तक्त्यात आपोआप बसेना, म्हणून गळाली. पाण्याच्या गाण्यात तिचे काय काम? पैगंबरांचे चित्र कुठेही दाखवायचे नाही, हे ठरलेलेच होते. मशिदीच्या हौदाचे चित्र हवे होते, त्यासाठी जमातीच्या लोकांना आधी भेटले. त्यांनी होकार दिला, मात्र नमाज पढणाऱ्यांकडे कॅमेरा वळवू नका म्हणाले.

तक्ता केला तरी एक गोष्ट राहिली. भरल्या खाडीचे चित्र सकाळी आठला लिहिले होते. पोरे आठला गेली, तर खाडीत चिखल! भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. खाडीकाठची पोरे, पण पुस्तकात डोके घालून बसलेली. त्या होडीवाल्या वडिलांनी तिथी मोजली आणि तोंडी सांगितले, अमुक दिवशी अमुक वेळेला या. त्यांचा आकडा बरोबर निघाला. मग तक्त्यात भरतीचा एक रकाना वाढवला.

बाकी कामाचे थोडक्यात सांगतो. फोन आडवा धरावा, मग पडद्यावर चित्र भरून दिसते. भिंग मऊ सुती कापडाने पुसावे. तेलाचे बोट लागले तर सगळे धुकट येते. ऊन गाणाराच्या पाठीमागे नसावे, नाही तर माणूस काळा दिसतो. सकाळचे कोवळे ऊन बरे, भर दुपारी डोळ्यांखाली सावली पडते. हात थरथरतो, म्हणून फोन तांदळाच्या पिशवीवर टेकवावा. पाच सेकंदांचे चित्र हवे असले तरी दहा सेकंद घ्यावे, मागचे-पुढचे कापता येते. गाताना दाखवायचे असेल तेव्हा आधी घेतलेले गाणे मोठ्याने लावावे आणि मुलांनी बरोबर खरेच गावे. नुसते ओठ हलवले की गळ्याची शीर फुगत नाही, आणि पाहणाराला फसवणूक लगेच कळते.

चित्रे दोन दिवसांत झाली. जोडायला मात्र आठवडा लागला. फोनवरच जोडतात, फुकट साधन मिळते. त्यात चित्र गरगर फिरवायच्या, चांदण्या पाडायच्या शंभर तऱ्हा आहेत. पोरांनी सगळ्या वापरून पाहिल्या. पाहून पाहून त्यांनाच घेरी आली, तेव्हा काढून टाकल्या. शेवटी नावे दिली. नावांचे कागद आधी घरोघर दाखवून आणले, कारण आपले नाव चुकीचे लिहिलेले कुणालाच आवडत नाही.

व्हिडिओ शाळेत दाखवला. दिवाणखाना भरला होता. विहिरीचे चित्र आले तेव्हा मागे बसलेल्या एका म्हातारीने हात ओळखले आणि मोठ्याने नाव घेतले. सगळे हसले, मुलगीही हसली. होडीवाले वडील उभे राहून पाहत होते. संपल्यावर त्यांनी विचारले, "हे आता कुठं ठेवणार?" शाळेच्या कपाटातल्या पेटीत एक प्रत आहे. मुलांनी आपापल्या फोनमधून पुसून टाकले. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवायचे निघाले, तेव्हा मुले नवी चिठ्ठी घेऊन पुन्हा सहाही घरी गेली. पाच घरांनी हो म्हटले. एका घराने नाही म्हटले, म्हणून त्या मुलाची दोन चित्रे काढली आणि त्या जागी पावसाची घातली.

जाखडीच्या गटाला गणपतीपर्यंत थांबावे लागेल. ओव्यांच्या गटाला मात्र आताच बायका हव्या आहेत. ज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात त्यांनी शनिवारी चार वाजता शाळेत यावे. जाते शाळेत आहे, दळण घरून आणा. चिठ्ठ्या आज इथेच वाटतो आहे. घरी नेऊन वाचा आणि शनिवारी येताना घेऊन या.