कुंडीतील रोपे मोठ्या कुंडीत केव्हा व कशी हलवावीत



रोप एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावणे ही आपल्या ठाणे जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. राबातले आवण वीस-पंचवीस दिवसांचे झाले की उपटायचे, मुळांची माती झटकायची, जुड्या बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावायचे. भात ते सोसतो. चार दिवस पिवळा पडतो आणि मग उभा राहतो. पण तोच हात लिंबाच्या किंवा मोगऱ्याच्या रोपाला लावला, तर रोप दगावते. आजचे बोलणे अशा कुंडीतल्या रोपांबद्दल आहे, आणि ते कोपरीसारख्या खाडीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांना समोर ठेवून केलेले आहे.

आधी माझीच एक चूक सांगतो. कोपरीत राहायला आलो त्या पहिल्या पावसाळ्यात मी कागदी लिंबाचे रोप आणले. पिशवी जेमतेम पाच इंचांची. मनात म्हटले, झाड मोठे होणारच आहे, मग दर वर्षी कुंडी बदलत कशाला बसा? प्लॅस्टिकचे पिंप अर्धे कापून आणले, काठोकाठ माती भरली आणि मधोमध ते बोटभर रोप लावले. वरून आषाढाचा पाऊस. महिन्याभरात पाने पिवळी पडली. मला वाटले खत कमी पडले, म्हणून मूठभर युरिया टाकला. आठवड्यात रोप वाळून गेले. उपटून पाहिले, तर मुळे काळी पडलेली, चिमटीत धरताच त्यांची साल निसटत होती आणि मातीला गटारासारखा वास येत होता.

असे का झाले? मुळे जेवढ्या मातीत पोचलेली असतात, तेवढ्याच मातीतले पाणी ती ओढतात. बाकीची माती ओलीच राहते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेला जागा उरत नाही, आणि मुळांनाही श्वास लागतो, बरं का! अशा कोंदट ओलीत मूळकूज करणारी बुरशी फोफावते. लिंबूवर्गातल्या झाडांना तिचा त्रास फार. म्हणजे माझे रोप पाण्यावाचून मेले नाही, की खतावाचूनही नाही. त्याला घर फार मोठे दिले म्हणून ते मेले.

म्हणून नवी कुंडी एकदम मोठी घेऊ नये. मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याला आपण हुंडी म्हणतो. त्या हुंडीच्या सर्व बाजूंनी दोन बोटे नवी माती बसेल, एवढीच मोठी कुंडी घ्यावी. पाच इंची पिशवीतले रोप आठ इंची कुंडीत, पुढे बारा इंची आणि मग सोळा-अठरा इंची. लिंबू, चिकू, कलमी आंबा यांना ही मजल गाठायला तीन-चार वर्षे लागली तरी चालतील. मिरची, टोमॅटो, वांगी यांची गोष्ट निराळी. ती भराभर वाढतात, त्यामुळे चार-सहा पाने आली की छोट्या पेल्यातून थेट दहा-बारा इंची कुंडीत लावलेली चालतात.

आता केव्हा? रोप स्वतःच सांगते. कुंडीच्या तळाच्या भोकातून मुळे डोकावू लागली, पाणी घालताच ते न मुरता सरळ खाली निघून जाऊ लागले, किंवा सकाळी पाणी देऊनही दुपारी माना टाकल्या, तर समजावे की आत मातीपेक्षा मुळे जास्त झाली आहेत. खात्री हवी असेल तर कुंडी आडवी करून हलकेच थोपटावी आणि हुंडी बाहेर काढून पाहावी. मुळे कडेने गोल फिरली असतील तर वेळ झाली. हुंडी ढासळू लागली तर अजून अवकाश आहे. रोप परत आत ठेवून द्यावे.

हंगाम म्हणाल, तर मृगाच्या सरी पडून हवा गार झाली की आपल्याकडे सर्वांत सोयीचे. हवेत दमटपणा असतो, पाने सुकत नाहीत, आणि मुळांना झालेली इजा लवकर भरून येते. मात्र पाणी निचरून जाणारी माती हवी, नाहीतर माझ्यासारखी गत व्हायची. ते साधले नाही तर पावसाचा जोर ओसरल्यावर भाद्रपदात करावे, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हापूर्वी रोप सावरते. एप्रिल-मेमध्ये हात लावू नये. रोप फुलावर असताना किंवा कोवळी पालवी फुटत असतानाही थांबावे. पालवी जून झाली की मग हलवावे.

कुंडीसाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग भाताचे तूस किंवा काथ्याचा भुसा घ्यावा. काथ्याचा भुसा, ज्याला दुकानात कोकोपीट म्हणतात, तो आधी भिजवून दोनदा धुवावा. त्यात पुष्कळदा क्षार असतात. मूठभर निंबोळी पेंड मिसळावी.

इथे खारेपणाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. मीठबंदर हे आपल्या रस्त्याचे नावच बोलके आहे. खाडीचा काळा गाळ दिसायला मोठा कसदार, आणि फुकटचा, म्हणून काहीजण बादलीभर घेऊन येतात. तो कुंडीत घालू नये. त्यातल्या मिठामुळे ओल्या मातीतले पाणीसुद्धा मुळांना ओढता येत नाही. शिवाय कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे, तिथे खणणे म्हणजे गुन्हा. खाडीची वाळूही नको. इमारतीच्या बोअरिंगचे पाणी चवीला मचूळ लागत असेल तर तेही नव्या रोपाला देऊ नये. कुंडीच्या काठावर पांढरी पुटे दिसत असतील तर क्षार साठताहेत असे समजावे. यावर फुकटचा उपाय म्हणजे पाऊस. उघड्यावर ठेवलेल्या कुंडीतले क्षार चार चांगल्या सरी धुऊन नेतात, फक्त तळाचे भोक मोकळे हवे.

कुंडी बदलण्याच्या आदल्या दिवशी रोपाला पाणी द्यावे. मातीची कुंडी कोरी असेल तर तासभर पाण्यात बुडवावी. काम संध्याकाळी करावे. भोकावर खापराचा एकच बाकदार तुकडा ठेवावा. तळाशी चार बोटे खडी घालायची जुनी रीत आहे, मीही ती पाळत होतो. पण तिने निचरा सुधारत नाही. पाणी खडीच्या वरच्या मातीत अडून राहते, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते.

पिशवी ओढून काढू नये, ब्लेडने उभी कापावी. रोप खोडाला धरून उचलू नये, हुंडीला हाताचा आधार द्यावा. तळाशी मुळांचे वेटोळे झाले असेल तर तेवढे स्वच्छ कात्रीने कापावे. जीव कचरतो, पण न कापलेले वेटोळे मोठ्या कुंडीतही तसेच फिरत राहते. हुंडीची वरची पातळी पूर्वीइतकीच ठेवावी, खोड मातीत गाडू नये. कलम असेल तर जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी जोड पक्का झाल्यावर सोडवावी, आणि जोडाखालून येणारे फुटवे खुडून टाकावेत, नाहीतर हापूस म्हणून आणलेल्या कलमावर रायवळ वाढेल. कडेची माती बोटांनी दाबावी, मुठीने ठेचू नये. काठापासून दीड इंच जागा पाण्यासाठी सोडावी. मग झारीने, भोकातून पाणी निघेपर्यंत, सावकाश घालावे.

आठ दिवस सावलीत ठेवावे. दोन-चार पाने गळली तर घाबरू नये. महिनाभर रासायनिक खत देऊ नये. बोट पेरभर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी नको. पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून ठेवावी. तिच्यात साचलेल्या पाण्यावर डेंग्यूचे डास वाढतात.

आणखी एक, वजनाचे. बारा इंची कुंडी भिजल्यावर वीस-पंचवीस किलोंची होते. अर्धे पिंप भिजलेल्या मातीसह शंभर किलोंच्या वर जाते. जुन्या इमारतीच्या छज्जावर किंवा खिडकीबाहेरच्या जाळीवर असली ओझी ठेवू नयेत. खालून माणसे जातात. गच्चीवर ठेवायचीच तर भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवावीत, आणि सोसायटीला विचारून.

माझ्याकडचे ते अर्धे पिंप आता पाच वर्षे पालापाचोळा कुजवायला वापरतो. दुसरे लिंबू आणले ते आठ इंचांत लावले, मग बारात, आणि गेल्या जूनपासून सोळात आहे. यंदा त्याला पहिली सात लिंबे लागली. पुढच्या मृगापर्यंत त्याला हलवणार नाही.