गोळी चुकली नाही, तपासणी राहून गेली
(वार्षिक सभेत स्त्रीरोग विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाची संहिता)



वार्षिक सभेत प्रत्येक विभागाने वर्षभराच्या कामाचे आकडे सांगावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे. ते आकडे अहवालात छापलेले आहेतच. म्हणून मी आज एका बाईंविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव-गाव सांगणार नाही. पतीच्या निधनानंतर त्यांना स्वतःला एच.आय.व्ही.ची लागण असल्याचे समजले. पुढे अकरा वर्षे त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. धुणीभांडी करून दोन मुलांना शिकवले. ठरल्या दिवशी येत, वजन करून घेत आणि गोळ्यांची डबी पिशवीत टाकून कामावर जात. त्यांच्या कार्डावर सारे उत्तम होते. आमच्या विभागात त्या आल्या तेव्हा अंगावरून रक्त जाण्यास सुरुवात होऊन सहा महिने उलटले होते आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आजूबाजूला पसरला होता. "गोळ्या चालू आहेत ना डॉक्टर, मग हे कुठून आलं?" असे त्यांनी विचारले. ज्या इमारतीत त्या अकरा वर्षे येत होत्या, तिच्याच वरच्या मजल्यावर आमचा विभाग आहे. त्यांना जिना चढायला कोणी सांगितलेच नव्हते. हा दोष त्यांचा नव्हे, आमचा.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे. गर्भाशयमुखाचा कर्करोग एच.पी.व्ही. या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गामुळे होतो. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू अतिशय सर्वसामान्य असून बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ते काम प्रतिकारशक्ती करते, आणि एच.आय.व्ही. घाव घालतो तो नेमका तिच्यावरच. म्हणून एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या स्त्रीला या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. एरवी संसर्गापासून कर्करोगापर्यंत पंधरा-वीस वर्षे जातात, एच.आय.व्ही.वर उपचार नसतील तर हीच वाटचाल पाच ते दहा वर्षांत पुरी होऊ शकते. १९९३ पासून अमेरिकेत हा कर्करोग एड्सची खूण मानल्या जाणाऱ्या आजारांत मोडतो. एच.आय.व्ही.च्या गोळ्या प्रतिकारशक्ती सावरतात आणि हा धोका कमीही करतात, पण एच.पी.व्ही. मारणे हे त्यांचे काम नव्हे.

आपल्या देशात या गोळ्या एप्रिल २००४ पासून शासनातर्फे मोफत मिळू लागल्या. त्यामुळे हजारो स्त्रिया जगल्या, संसाराला लागल्या, आणि कर्करोगाच्या वयापर्यंत पोहोचल्या. मरणातून वाचलेल्या स्त्रीला टाळता येण्याजोग्या दुसऱ्या मरणाच्या दारात उभे राहावे लागू नये, एवढीच आमची धडपड आहे.

टाळता येण्याजोगे असे मी म्हणतो, त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये एक मोठी पाहणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रिया तीत होत्या. एका गटाची आयुष्यात एकदाच एच.पी.व्ही. तपासणी झाली. आठ वर्षांनी पाहिले तर त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तपासणी मिळाली नाही, यावर पुढे कडक टीकाही झाली. ती मला रास्त वाटते. त्या ६४ जणींचे ऋण आपल्यावर आहे.

एच.आय.व्ही. असलेल्या स्त्रियांना हाच निष्कर्ष जसाच्या तसा लावता येईल का? पुण्यात अशा अकराशेंहून अधिक स्त्रियांवर वेगवेगळ्या तपासण्या एकत्र करून पाहण्यात आल्या. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अडचण अशी की, या स्त्रियांपैकी पुष्कळ जणींमध्ये एच.पी.व्ही. सापडतो. सापडला की उपचार, असे केले तर अनेकींवर विनाकारण उपचार होतील. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवले की, अशा स्त्रियांची तपासणी तिशीऐवजी पंचविसाव्या वर्षीच सुरू करावी, दर तीन ते पाच वर्षांनी करावी आणि विषाणू आढळल्यास दुसरी तपासणी करून मगच उपचार ठरवावा. उपचारानंतरही दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण या स्त्रियांत अधिक आहे. त्यामुळे वर्षाने पुन्हा बोलावणे भाग आहे. तिला परत आणणे, हेच खरे अवघड काम.

उपचार मात्र आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. पूर्वावस्थेतील दोष योग्य जागी असेल तर तापवलेली सळई अर्धा मिनिट टेकवून तो जाळता येतो. बहुधा भूल लागत नाही, रुग्णालयात राहावे लागत नाही. बाई त्याच दिवशी घरी जाते. दोष मोठा असल्यास विजेच्या तारेने तेवढा भाग काढावा लागतो. पिशवी काढण्याची घाई मात्र कोणी करू नये. तसा सल्ला घेऊन येणाऱ्या बायका मी फार पाहिल्या आहेत.

यंदा विश्वस्त मंडळाने गुरुवारचा दिवस दोन्ही विभागांसाठी एकच ठरवला आहे. गोळ्यांच्या खिडकीवरील परिचारिका बाईंना सोबत घेऊन वर येईल. नमुना स्वतःचा स्वतः घेण्याची सोयही ठेवत आहोत, कारण पुष्कळ जणींना तपासणीच्या टेबलाचाच संकोच वाटतो. आमच्याकडे उणीव आहे ती उष्णतेने उपचार करणाऱ्या उपकरणाची आणि नमुने तपासण्याच्या संचांची. देणगीदारांसमोर हे उघडपणे मांडतो. नातेवाइकांना एक विनंती आहे. गुरुवारी बाईंबरोबर या आणि तिला यायला उशीर झाला, तर दाराशी वाट पाहा. नोंदणीच्या वहीत तिच्या आजाराचे नाव लिहिले जाणार नाही, केवळ क्रमांक लिहिला जाईल; ती वही कुलपात राहील आणि किल्ली माझ्याजवळ असेल.