वरचं बाथरूम, खालचं छत
(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "संडासाचा पाइप." ते जरा वेळ गप्पच बसले. मग म्हणाले, "जेवणाआधी बोलता की नंतर?" मी म्हटलं, आधीच ठेवा जी, नंतर कोणी थांबणार नाही.

आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली. आपण आलो तेव्हा तरुण होतो, आता गुडघे बोलतात. म्हणून घरोघरी जुनं भारतीय पद्धतीचं भांडं काढून कमोड बसवणं सुरू होऊन राहिलं आहे. आमच्या विंगमध्ये हे काम पहिल्यांदा मी केलं आणि चूकही पहिल्यांदा मीच केली.

फोडाफोड नको, धूळ नको म्हणून जुन्या फरशीवरच नवी टाइल लावून घेतली. फरशी दीड इंच वर आली. मैल्याच्या पाइपचं तोंड मात्र होतं तिथेच, दीड इंच खाली राहिलं. कमोडचं तोंड आणि पाइप यांच्यात जे रबरी जोडणी लागते, पॅन कनेक्टर म्हणा, कोणी फ्लँज म्हणतं, ती तिथवर पोचेना. मिस्त्रीने सिमेंट भरलं, वर कमोड ठेवला, कडेने पांढरं सिमेंट फिरवलं. "झालं साहेब." मीही पाहुण्यांना कौतुकाने बाथरूम दाखवत होतो.

मे महिन्यात खालच्या काकू वर आल्या. छताला ओल आली म्हणाल्या. मी बसल्या जागेवरून निकाल दिला, "काकू, कूलरचं पाणी असेल." नागपूरच्या मे महिन्यात हे कोणालाही पटतं. जुलैमध्ये म्हटलं, पावसाचं असेल. त्यांनी दिवाळीला रंग दिला आणि पंधरा दिवसांत डाग पुन्हा वर आला. आता ना कूलर होता, ना पाऊस. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त देवघर दुसऱ्या भिंतीशी हलवलं. त्या संक्रांतीला आमच्याकडे तिळगूळ आला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मग कमोड उचलला. सिमेंट पीव्हीसीला धरतच नाही, ते सुटून बाजूला झालं होतं. प्रत्येक फ्लशला थोडं पाणी पाइपात न जाता फरशीखालच्या भरावात मुरत होतं. जुन्या भांड्यासाठी तिथे स्लॅब खोलगट ठेवून विटांचे तुकडे भरलेले असतात. तो भराव पाणी पिऊन बसतो आणि महिन्यांनी भलत्याच कोपऱ्यातून सोडतो. म्हणून डाग कमोडखाली नव्हता, देवघराच्या भिंतीवर होता.

दुसऱ्या वेळी भराव काढला, वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. चार इंची पाइपाला कपलर लावून तुकडा वाढवला आणि तयार फरशीच्या बरोबरीने कापला. आधी फरशी ठरवा, मग पाइप कापा. माझं उलटं झालं होतं. भिंतीपासूनचं अंतरही टाइल लागल्यावरच मोजायचं, कारण भिंतही पुढे सरकते. कमोड नऊ इंची आहे की बारा इंची, हे खरेदीआधी पाहा. नाहीतर टाकी भिंतीला अडते किंवा कनेक्टर तिरपा बसतो. कनेक्टरला साबणाचं पाणी लावून तो सरळ आत ढकलायचा, सिमेंट अजिबात नाही. आणि कमोड स्क्रूने पक्का करायचा. बसल्यावर डुलणारा कमोड रबर रोज थोडं थोडं सैल करतो.

कडेचं पांढरं सिमेंट सगळ्यात शेवटी. आधी कमोडभोवती वर्तमानपत्र पसरा, टाकीत नीळ घाला, आठ-दहा वेळा फ्लश करा. कागद कोरा राहिला तरच पुढे जा. त्यानंतरही काही दिवस खालच्या घरी जाऊन छत पाहून या. चहाही मिळतो.

नागपूरचं बरंचसं सांडपाणी भांडेवाडीला जातं, तिथे त्यावर प्रक्रिया होऊन ते कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. एवढा लांबचा प्रवास होतो, आणि आमचं गाडं पहिल्या चार इंचांतच अडलं होतं!

खर्चाचं म्हणाल तर आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपची गळती संस्थेची, आणि घरातल्या संडास-सिंकची गळती त्या सदनिकाधारकाची. काकूंच्या छताचा रंग मी दिला. बदल करण्याआधी समितीची परवानगी लागते, तीही मी तेव्हा घेतली नव्हती. समितीने आज मला बोलावलं, हा त्यांचा मोठेपणा.

काकू समोरच बसल्या आहेत. देवघर अजून जागेवर आलेलं नाही. "आणखी एक पावसाळा पाहू दे," म्हणतात. त्यांचं बरोबर आहे.

दुसऱ्या मजल्यावर पुढच्या महिन्यात काम सुरू होणार असं कळलं. कमोड बसवायच्या दिवशी हाक मारा. निळीची बाटली घेऊन येतो.