गुडघे आणि सालईचा डिंक

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवात सतरंजीवर मांडी घालून बसलेले आम्ही आज खुर्च्यांची पहिली रांग अडवून बसलो आहोत. आमचे गुडघे हाच आजच्या भाषणाचा विषय!

गुडघा धरला की बेंगळूरच्या शेजारणी लक्कीचा पाला सुचवितात. ती आपली निर्गुडी. त्यांची अमृतबळ्ळी म्हणजे आपली गुळवेल. निर्गुडीचा शेक आमच्या आजीही देत असत. परंतु दुकानात आज मिळणाऱ्या गोळ्या पाल्याच्या वा काढ्याच्या नव्हेत, अर्काच्या असतात. सातपुड्यात आढळणारी सालई म्हणजे आयुर्वेदातील शल्लकी. तिच्या डिंकातील बोस्वेलिक आम्ले एकवटून हा अर्क करतात. सूज वाढविणारी द्रव्ये शरीरात ज्या विकरांमुळे बनतात, त्यांपैकी एकाला ही आम्ले अडवितात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या दुसऱ्याला.

नागपूरच्या डॉक्टरांनी हा अर्क गुडघ्यांच्या झिजेने त्रस्त झालेल्या ३० रुग्णांना देऊन पाहिला. आठ आठवडे अर्क, आठ आठवडे तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. कोणती केव्हा, हे रुग्णास ठाऊक नव्हते. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखणे व सूज उतरली, चालणे वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र काहीच पालटले नाही. वेदना शमली, झीज भरून आली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

पुढे पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी २०१३ साली ४४० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. गुळवेल, सुंठ आदींच्या अर्कांची मिश्रणे सेलेकॉक्सिब या आधुनिक औषधाच्या तोडीस तोड ठरली. परंतु काही रुग्णांच्या रक्तात यकृताचा एक निर्देशक वाढला; औषध थांबविताच तो उतरला. हे वाक्य जाहिरातीत छापलेले आम्ही तरी पाहिले नाही.

आणि ठाऊक असते, तरी आम्ही काय केले असते? तीन महिने अर्काच्या गोळ्या घेतल्या, जोडीला वेदनाशामकही, आणि डॉक्टरांस अवाक्षर सांगितले नाही. झाडपाल्याचे औषध, त्यात सांगायचे काय! रक्ततपासणीचा कागद पाहून त्यांनी विचारले, "आणखी काही घेता का?" आम्ही छताकडे पाहिले. उत्तर सूनबाईंनी दिले.

आता दवाखान्यात जाताना घरातल्या साऱ्या बाटल्या पिशवीत असतात. निघण्यापूर्वी सूनबाई त्या मोजून घेतात.