टायबरच्या खोऱ्यांतील मराठा नाईक

वणीच्या बाजारांत उभें राहून सप्तशृंगगडाकडे पाहणाऱ्याला डोंगराचें बळ समजावून सांगावें लागत नाहीं. वर दबा धरून बसलेला एकटा मनुष्य खालून चढणाऱ्या दहांना भारी पडतो, हा मराठ्यांच्या इतिहासाचा पहिला धडा आहे. परंतु १९४४ सालच्या उन्हाळ्यांत इटलींतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत हा धडा उलटा गिरविण्याची पाळी मराठी तरुणांवर आली. डोंगरांचा आश्रय जर्मनांनीं घेतला होता. चढून जावयाचें होतें तें मराठ्यांना.

त्या तरुणांत यशवंत घाडगे हा एक होता. कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांत, माणगांव तालुक्यांतील पळसगांव येथें १९२१ सालीं त्याचा जन्म झाला. पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत तो नाईक होता. नाईक हा कांहीं मोठा अंमलदार नव्हे. त्याच्या दंडावर दोन फिती आणि हाताखालीं मूठभर शिपाई, एवढाच त्याचा अधिकार.

१० जुलै रोजीं हल्ला चालू असतां त्याच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला. बाकीचे सर्व ठार किंवा जखमी झाले. नाईक तेवढा उभा राहिला. सोबतीला कोणी उरलें नाहीं हें दिसत असतांही तो मोर्चावर धांवून गेला. हातबाँब टाकून त्यानें ती मशीनगन व ती चालविणारा यांचा निकाल लावला, दुसऱ्यास टॉमीगननें टिपलें. नवीं काडतुसें भरण्यास उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्यानें लोळविलें. इतक्यांत लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातींत व पाठींत शिरल्या. एकट्यानें जिंकलेल्या त्याच मोर्चांत त्याला मरण आलें. त्याचें वय अवघें २२ वर्षांचें होतें.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४५ सालीं दिल्लींत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्याकडून तें पदक त्याच्या पत्नीनें स्वीकारलें. देह मात्र हातीं लागला नाहीं. कॅसिनो येथील स्मारकावर त्याचें नांव तेवढें कोरलेलें आहे.

हें युद्ध हिंदुस्थानास विचारून पुकारलेलें नव्हतें. देशाचे पुढारी तुरुंगांत असतां परक्या साम्राज्याच्या सैन्यांत पडलेल्याचें स्मरण कां करावें, असें पुष्कळांना वाटलें. आणि तो प्रश्न खोटा नव्हता. पण अंगावर गोळ्या येत असतां राजा आणि साम्राज्य दूर राहतात. जवळ उरतात ते पडलेले सोबती. शौर्याचा हिशेब तेथेंच मांडावा लागतो. इटलीच्या मोहिमेंत सुमारें ५०,००० हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ कामास आले. तेथें दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसांपैकीं ६ हिंदी सैन्याकडे आले. त्यांतील दोन मराठ्यांचे: एक यशवंत घाडगे याचा, दुसरा नामदेव जाधव यांचा.

२०२३ सालीं इटलींतील मोंतोने येथें यशवंताच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारण्यांत आली. सर्वांवर सूर्य एकच, हा तिचा संदेश. माणगांवीं त्याचा पुतळा आहे. जेथें तो पडला, तेथील लोक त्याला विसरले नाहींत. ज्या भाषेंत त्याच्या आईनें त्याला हांक मारली, त्या भाषेच्या घराघरांतून त्याचें नांव मुलांच्या कानीं पडावें, एवढें ऋण तरी मराठी माणसानें फेडलें पाहिजे.