हौशी बिनतारी मंडळ आणि वऱ्हाडचा तरुण

‘हौशी’ या शब्दांत थोडासा उपहास दडलेला असतो. हौशी गवई, हौशी नट असें म्हटलें कीं ऐकणाराच्या मुद्रेवर कौतुकाबरोबर किंचित् हसूंही उमटतें. बिनतारी विद्येच्या इतिहासांत मात्र गोष्ट उलट आहे. तेथें हौशी मंडळी आधीं आली आणि धंदेवाईक मागाहून. मुंबईच्या रेडिओ क्लबानें १९२३ सालींच कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास आरंभ केला. रीतसर कंपनीचें मुंबई केंद्र उघडलें तें २३ जुलै १९२७ रोजीं, आणि वऱ्हाडाच्या शेजारचें नागपूर केंद्र तर १६ जुलै १९४८ रोजीं.

हौशी बिनतारी चालक हा नुसता श्रोता नव्हे. तो ऐकतो तसा बोलतोही. शासनानें दिलेल्या संकेतनामानें आणि नेमून दिलेल्या लहरींवर. मोबदला घेऊन निरोप पोंचविणें, व्यापाराची बोलणीं करणें, गाणीं वाजविणें, हें सर्व त्याला वर्ज्य आहे.

मग हातांत मोबाईल असतां हा खटाटोप कशासाठीं? याचें उत्तर वऱ्हाडाच्या भूमींतच आहे. मोबाईल मनोऱ्याच्या जिवावर चालतो, आणि मनोरा विजेच्या व तारांच्या जिवावर. पूर्णा किंवा मोर्णा पात्र सोडून वाहूं लागली आणि वीज गेली, कीं ही साखळी एका कडीपाशींच तुटते. मेळघाटांतील दऱ्याखोऱ्यांत तर मनोरेच विरळ. हौशी चालकाला मोटारींतील बॅटरी आणि एक तार पुरते.

परंतु ही तार कशी लावावी, यांतच सारें शास्त्र आहे. २ मीटरच्या लहरी बहुधा सरळ रेषेंत जातात. अमरावतीच्या गच्चीवरून हातांतल्या लहान संचानें अकोल्याशीं बोलूं म्हटल्यास मधले ८० किलोमीटर त्यांना पेलत नाहींत. मात्र सुमारे ११०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याहून क्षितिज शंभराहून अधिक किलोमीटर दूर जातें, आणि हीं दोन्ही शहरें त्या टप्प्याच्या आंत येतात. म्हणून पुनःप्रक्षेपक यंत्राला उंच जागा शोधावी लागते. ४० मीटरच्या लहरींचा मार्ग वेगळा. सुमारे वीस मीटर लांबीची तांब्याची तार दोन निंबांच्या मध्यें फारशी उंच न बांधली, तर लहरी वर चढतात, वातावरणाच्या विद्युद्भारित थरावरून परततात आणि डोंगरापलीकडच्या दरींतही उतरतात. सातपुडा त्यांना आडवा येत नाहीं.

हें ज्ञान पुस्तकांतून मिळतें, पण अंगीं मुरतें तें संगतीनें. म्हणून मंडळांत जावयाचें. नव्या सभासदानें प्रथम महाग संच घेण्याची घाई करूं नये. कांहीं आठवडे नुसतें ऐकावें. दुसऱ्याचें बोलणें संपेपर्यंत थांबणें, आपलें संकेतनाम स्पष्ट सांगणें, आंकडे दोनदां उच्चारणें, क्षीण आवाजाला आधीं वाट देणें, हे संस्कार तेथें होतात. त्यानंतर शासनाची परीक्षा. तींत विद्युत् व बिनतारीचीं मूलतत्त्वें आणि नियम यांचें ज्ञान तपासलें जातें. परवान्यावांचून प्रक्षेपण करणें हा गुन्हा आहे, हें मंडळ पहिल्याच दिवशीं सांगतें. जेथें मंडळ नसेल तेथें दोघांतिघांनीं एकत्र अभ्यास सुरू करावा. मंडळाचें बीज तेंच.

या परवान्याची किंमत इतिहासानें दाखविली आहे. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच नवे परवाने बंद झाले आणि हौशी चालकांना आपले प्रक्षेपक जमा करण्याचे हुकूम सुटले. तरीही १९४२ च्या लढ्यांत मुंबईंत नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाचें कसब काँग्रेस रेडिओच्या उभारणीस लागलें. उषा मेहता व त्यांचे सहकारी २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत, जागा बदलीत, ४२.३४ मीटरवर बोलत राहिले. स्वराज्य आल्यावर, १५ मे १९४८ रोजीं, महू येथें अखिल भारतीय हौशी मंडळ स्थापन झालें. ज्या विद्येला परकी सत्ता भीत होती, ती आतां नागरिकाच्या हातीं विश्वासानें सोंपविलेली आहे.

त्या विश्वासाची परीक्षा संकटांत होते. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीची लाट अंदमानवर आली, तेव्हां भारती प्रसाद आपल्या पथकासह हौशी केंद्र चालविण्यासाठीं पोर्ट ब्लेअर येथें होत्या. इतर दळणवळण कोलमडलें असतां त्यांच्या संचावरून बेटांची खबर आणि आप्तांची ख्यालीखुशाली मुख्य भूमीवर पोंचली. त्या गेल्या होत्या छंदासाठीं. हातीं आलें तें सेवाकार्य. मात्र तें काम त्या दिवशीं शिकून झालें नसतें.

पुराच्या रात्रीं संच उघडून सूचना वाचावयास अवकाश नसतो. त्या रात्रीं वऱ्हाडाच्या उपयोगीं पडावयाचा तो तरुण, जो कोरड्या दिवसांत, कांहींच घडत नसतां, ठरल्या वेळीं नित्य आपल्या संचापाशीं येऊन बसला, आणि बोलण्याआधीं ऐकण्यास शिकला.